पडद्याची डावी कड

बाबा,

आज दुपारी जेवणं झाल्यावर तुमच्या नातीनं माझा कॉम्प्युटर बैठकीतल्या टीव्हीला जोडून दिला, आणि तेव्हापासून मला तुम्हाला लिहायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता नागपूरला इंजिनिअरिंगला आहे आणि सुट्टीत अमरावतीला आली की घरातल्या एकाही वस्तूला स्वस्थ बसू देत नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिका मी घरीच टाइप करते. एवढ्याशा पडद्यावर मात्रा-वेलांट्या शोधून डोकं दुखतं, अशी रडकथा मी तिला फोनवर रोज ऐकवत होते, म्हणून येताना ती केबल घेऊनच आली. केबल लावली, अक्षरं आली, पण वही पाण्यात पडावी तशी फुटलेली. शिवाय चित्राच्या चारही कडा कापलेल्या, खालची पट्टी तर अर्धीच. मी लगेच निकाल दिला, की टीव्हीच बिघडलेला आहे, दुकानदारानं फसवलं. ती हसली. "बिघडला नाई आई. टीव्ही आपल्या मनानं चित्र फुगवून राहिला, म्हणून कडा बाहेर जातात. थांब जराशी."

तिनं कॉम्प्युटरच्या चित्राचं माप टीव्हीच्या मापाइतकं केलं. मग रिमोट घेऊन टीव्हीच्या मेनूत शिरली, चित्र न फुगवता आहे तसं दाखवायला सांगितलं, आणि शार्पनेस चक्क कमी केला. "कमी करून साफ कसं होईल गं?" असं मी म्हणेपर्यंत अक्षरं अशी उठून आली, की मला माझ्याच प्रश्नपत्रिकेतली चूक दिसली. मी केबल धरून टीव्हीच्या अगदी पुढ्यात उभी होते. ती म्हणाली, "आता चारही कोपरे आले ना? पाह्य बरं, डावीकडं खाली ते स्टार्टचं बटन आलं का?" मी समोर पाहत होते. डावी कड मला दिसली नाही. मी वैतागून म्हटलं, "कुठं आलं? डावीकडनं अजून कापलेलंच आहे." तिनं पुन्हा मेनू उघडला, बंद केला. मी पुन्हा तेच म्हटलं, जरा चढ्या आवाजात. मग ती उठली आणि बटनावर बोट ठेवलं. "हे काय, आई!" मी मान वळवली, तर बटन होतं. खालची पट्टी अख्खी होती. टीव्हीनं काहीही कापलेलं नव्हतं.

मी केबल खाली ठेवली, बाबा. आणि तुम्ही आठवलात, अकोल्याच्या त्या स्वयंपाकघरात, पाटावर मांडी घालून बसलेले. तुम्ही खरेदी केंद्रावरून येता, कपड्यांना कापसाचे तंतू चिकटलेले असतात, आई ताट वाढते. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, जगात सगळीकडे वाढतात तसं. आणि तुम्ही म्हणता, "आज चटणी नाई केली काय?" चटणी समोरच असते. आधी आई हसायची, मग हसेनाशी झाली. एक दिवस तिनं चटणी उचलून सरळ भाकरीवरच वाढली, आणि पुढं रोज तशीच वाढू लागली. आत्या बाळापूरहून आली तेव्हा तिच्या ते लगेच नजरेत आलं. "काहून वो वहिनी, ताटात चटणीले जागा नाई उरली काय?" आई म्हणाली, "त्याईले अशीच आवडते." तुम्ही खाली मान घालून जेवत राहिलात. मला तेव्हा वाटलं, काय एकेक लाड या माणसाचे!

बाहेर तर तुम्हाला लोक अकडू म्हणत. कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागलेली, तुम्ही ग्रेडर, रांगेतून चालताय, आणि बाजूनं कुणी रामराम घातला तर तुम्ही घेत नाही. ती वर्षंच वाईट होती. भाव पडलेले, लोक तापलेले, आणि कुणाचा कापूस पहिल्या प्रतीचा नि कुणाचा कवडीचा, ते तुमच्या नजरेवर ठरायचं. तुम्ही मूठभर कापूस उपसून अगदी नाकासमोर धरायचात. त्या नजरेत खोट आहे असं एकानं जरी म्हटलं असतं, तर रांग पेटली असती आणि नोकरीही गेली असती. तुम्ही किती घाबरला असाल! मी एकदा पाण्याची घागर जागेवरून सरकवली, तुम्ही अडखळून पडलात आणि माझ्यावर ओरडलात, "वस्तू जागच्या जागी ठेवाले काय होते तुले?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला काचबिंदू होता, बाजूची नजर आधी खाणारा, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुमचे वडीलही डोळ्यांनीच अधू होते, हे आत्यानं त्याच्याही नंतर, बोलता बोलता सांगितलं. मला तुमचा राग येतो, बाबा. आजही येतो. घरात चालत आलेली गोष्ट तुम्ही घरातच लपवली.

आणि आज मी काय केलं? "खिडकीची चकाकी होती गं," म्हटलं. तिनं खिडकीचा पडदा ओढला. मला टीव्हीसमोर उभं केलं आणि म्हणाली, "आता समोर मधातच पाह्य. मान वळवू नको. बटन दिसते का?" मी मान वळवलीच. ती हळूच म्हणाली, "आजोबाचंही असंच होतं ना? तूच सांगत होती." मी म्हटलं, थकवा असेल. तिनं ऐकलं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि उद्या सकाळची वेळ घेतली. मी हो म्हटलं, लहान मुलीसारखं.

आता ती मैत्रिणीकडं गेली आहे आणि मी टीव्हीवर हे टाइप करते आहे. मधली अक्षरं स्वच्छ आहेत. माझं जे व्हायचं ते होवो, मी पन्नाशी ओलांडली आहे, सवय करून घेईन. पण मघाशी तिनं चपला घातल्या, तेव्हा डावी चप्पल ती पायानं चाचपत होती की मलाच तसं वाटलं, हे मला ठरवता येत नाही, आणि ते दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या डॉक्टरांना मी माझ्याआधी तिचे डोळे तपासायला सांगणार आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.