तुरुंगाचं स्पेलिंग

४ ऑक्टोबर १९३०, शनिवार
शाळेतून आलो तर शाहपूरची भागाबाई ओट्यावर बसलेली. तिचा मुलगा कौतिक जंगल सत्याग्रहात सरकारी गवत कापून सहा महिन्यांसाठी खंडव्याच्या तुरुंगात आहे. दिवाळीनंतर त्याला जबलपूरला हलवणार म्हणे. नवरा उखर्डू खाटेला खिळलेला. खंडव्यापर्यंत त्याला कसंबसं नेता येईल, जबलपूर झेपायचं नाही. "एकडाव बापाले पोराचं तोंड दिसू द्या मास्तर. साहेबाले दरखास लिहून द्या." तुरुंगाचा साहेब गोरा, अर्ज इंग्रजीत हवा. आणि बुऱ्हाणपुरात इंग्रजी म्हणजे मी. उद्या देतो म्हणालो. अर्ध्या तासाचं काम.

५ ऑक्टोबर, सकाळी ८
बसलो. पहिल्याच ओळीत 'तुरुंग' आला. जे-ए-आय-एल की जी-ए-ओ-एल? उच्चार दोन्हींचा 'जेल'च. अकरा वर्षं मुलांना जी-ए-ओ-एल शिकवतोय, कारण खानदानी इंग्रज तसंच लिहितो. पण खात्री केलेली बरी. भागाबाईला मंगळवारी ये सांगितलं.

७ ऑक्टोबर
माझ्या डिक्शनरीत जी-चं अर्धं पान कसरीने खाल्लंय. हा माझा दोष नाही. भागाबाई आली, वांगी ठेवून गेली. अर्ज झाला का, हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर
हेडमास्तरांची डिक्शनरी मिळाली. त्यात लिहिलंय, दोन्ही बरोबर! हे मला मान्य नाही. दोन्ही बरोबर असतील तर मास्तर हवा कशाला?
बायकोने, मालतीने, विचारलं, त्या बाईचा अर्ज गेला का? म्हटलं, विचार चालू आहे. ती म्हणाली, "तोवर वांगी तरी खाऊ नका." भरीत झालं होतं. थोडंच खाल्लं.

११ ऑक्टोबर
म्युनिसिपालटीतला विनायक भेटला. माझाच विद्यार्थी. त्याला सहज विचारलं, स्वतःसाठी नव्हे, परीक्षा म्हणून. तो म्हणाला, "सर, आम्ही जे-ए-आय-एल लिहितो. खंडव्याला कागद पोचतात." पोचणं वेगळं, शुद्ध असणं वेगळं. कारकुनी माणूस, त्याला काय कळणार.

१२ ऑक्टोबर, रविवार
आज नक्की लिहिणार होतो. जे-ए-आय-एल लिहून पाहिलं. फारच गावठी दिसतं. फाडलं.

१४ ऑक्टोबर
भागाबाई आली. मी आतच राहिलो आणि मालतीला सांगायला लावलं की मास्तरांना ताप आहे. भागाबाई ओट्यावरूनच म्हणाली, "मास्तरले आराम करू द्या, आमची काही घाई नाही." घाई नाही म्हणाली, हे तिचे शब्द. तरी ताप खरोखरच आल्यासारखं वाटतंय.

१६ ऑक्टोबर
निश्चय. जी-ए-ओ-एल. साहेब पहिल्या ओळीतच ओळखेल की अर्ज कुणा ऐऱ्यागैऱ्याने लिहिलेला नाही. त्या एका शब्दावर उखर्डूची भेट मंजूर होईल. तेव्हा हे बारा दिवस वाया गेले असं कोण म्हणेल?

१८ ऑक्टोबर, दुपारी
सकाळी अर्ज स्वतः गावाबाहेर लालबागला, रेल्वे स्टेशनवर नेऊन टपालात टाकला. चार वेळा फेअर केला होता. अक्षर मोत्यासारखं. हलकं वाटलं. दिवाळी मंगळवारी. वेळ आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार
उत्तर आलं. माझाच अर्ज परत, वर लाल पेन्सिलीने दोन ओळी. मी जी-ए-ओ-एल लिहिलंच नव्हतं. पाची ठिकाणी जी-ओ-ए-एल लिहिलं होतं. म्हणजे गोल, फुटबॉलचा. साहेबाने लिहिलंय: आमच्या संस्थेत गोल नाही. पुढची ओळ: सदर कैदी १७ तारखेलाच जबलपूरला रवाना.
सतरा. माझा अर्ज अठराचा. दिवाळीनंतर हलवणार म्हणाले होते, मी काय करू? पण पाच तारखेला लिहिला असता तर. हे वाक्य तीनदा खोडलं. परत लिहिलं.
दुपारी भागाबाई आली. तिला म्हणालो, साहेबाने नाही म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही लय मेहनत घेतली मास्तर." मालती चुलीपुढून उठून मागच्या दारी निघून गेली.

२६ ऑक्टोबर, रविवार
टांगा करून शाहपूरला गेलो. खरं सांगायचंच असं ठरवलं होतं. वाटेत भाषण तयार केलं, सुरुवात डिक्शनरीपासून.
उखर्डू ओसरीत खाटेवर. उठू लागला, मी बस म्हणालो. मग सगळं बोललो. साहेबाने नाही म्हटलं नव्हतं, मीच उशीर केला. बारा दिवस स्पेलिंग ठरत नव्हतं.
"स्पेलिंग म्हंजे?" त्याने विचारलं.
समजावलं. एकच शब्द, लिहायच्या दोन रीती, दोन्ही बरोबर.
त्याने छपराकडे बघितलं. भागाबाई दाराला धरून उभी होती.
"आन् मास्तर, दोन्ही बरोबर व्हते, तं कोन्ताबी एक लिहायचा व्हता ना," उखर्डू म्हणाला. रागाने नाही. खरंच विचारत होता.
मी परत डिक्शनरीपासून सुरू केलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.
भागाबाईने चहा आणला. प्यायलो.