न वाचलेला अर्धा ठोकळा

३ मार्च
धाकट्याला पुन्हा फिट. बेसिनपाशी पडला, जीभ चावली. शुद्धीवर आल्यावर विचारतो, "ताई, बेसिन फुटलं नाही ना?" — अशातही मलाच हसवायला बघतो!

५ मार्च
त्याच्या डोक्याला लावलेल्या चौसष्ट तारांनी टिपलेली मेंदूची नोंद डॉक्टरांनी माझ्याकडेच दिली. त्यांच्याकडे माझ्या प्रबंधातलीच पद्धत वापरतात. कुठल्या तारेखालचा मेंदू कुठल्या तारेखालच्याला कोणत्या क्षणी किती हलवतो — आकड्यांचा भलाथोरला ठोकळा, म्हणजे टेन्सर. त्याचे साधे तुकडे पाडायचे. सगळ्यात जोरकस तुकडा जिथला, फिटचं मूळ तिथे.

तीन तुकडे पडले. मूळ उजव्या कानामागे! डॉक्टर म्हणाले, "तिथलं काढता येतं." पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन. आई रडली. धाकटा या वयात सायकल शिकणार म्हणतो.

९ मार्च
माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "सममिती तपासलीस, की गृहीत धरलीस?" मी चिडले. पहिली तार दुसरीला जेवढी हलवते तेवढीच दुसरी पहिलीला. म्हणून तर माझा प्रोग्राम निम्मेच आकडे वाचतो आणि झटपट उत्तर देतो. प्रबंधाच्या वेळी त्याचंच कौतुक झालं होतं!

१० मार्च
तपासलं. हॉस्पिटलचं मशीन नवं आहे, ते दिशाही नोंदवतं. कोण हलवतं आणि कोण हलतं, दोन्ही आकडे वेगळे.

अर्धा ठोकळा मी वाचलाच नव्हता. सख्ख्या भावाचा!

११ मार्च
सगळे आकडे घेऊन पुन्हा तुकडे पाडले. सात वेळा, दर वेळी वेगळ्या सुरुवातीपासून. उत्तर एकच. मूळ डावीकडे, बोलण्याच्या जागी. कानामागचा भाग नुसता हादरे झेलत होता.

गप्प बसावंसं वाटलं. खरंच वाटलं. लाज वाटते लिहायला.

१२ मार्च
डॉक्टरांना सांगितलं. ऑपरेशन रद्द. ते म्हणाले, "नव्या जागी कापलं तर फिट थांबतील, पण बोलणंही जाईल. निर्णय त्याचा."

आई म्हणाली, "एवढी शिकलीस ती कशाला गं?" धाकटा म्हणाला, "बघू."

१६ मार्च
धाकटा सकाळपासून एक शब्द बोलला नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं — हाका मारल्या, खांदे हलवले. शेवटी त्याने वही पुढे सरकवली.

"सराव करतोय. काल ऑपरेशनच्या कागदावर सही केली."