शिलाई मशीनचं दुकान आणि मुलाची सुटका

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, बाजारात 'कानवाले' म्हणून ओळखला जाणारा, आज पूर्ण शुद्धीवर आहे आणि दबाव आणायला उशाशी कोणी बसलेले नाही. डॉक्टर "बरे व्हाल" म्हणाले, पण म्हणण्याआधी त्यांचा श्वास अडखळला, तो मी ऐकला. म्हणून माझ्यामागे काय कोणाचे, ते राजीखुशीने लिहून ठेवतो. याआधीचा कोणताही कागद निघाल्यास रद्द समजावा.

१. राहते घर मुलीला. आईचे आजारपण तिने एकटीने काढले. जावईबापू म्हणतात, हे विकून मोठे घेऊ. त्यांनी आधी या घराचा गळका नळ दुरुस्त करून दाखवावा.

२. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी दोघांना सारखी. त्यातून आधी दफनाचा खर्च. पेटी साधी असावी. शेजारच्या शिंपीणबाई आतून अस्तर लावायचा हट्ट धरतील. त्यांच्याशी वाद घालू नये, कोणी जिंकलेले नाही.

३. धाकटा भाऊ. आम्ही दोघांनी फुटपाथवर एका खोक्यावर धंदा मांडला. पुढे तो झिजलेल्या मशीनमध्ये जाड ग्रीस भरून तिची खडखड दाबू लागला. "आवाज बंद, गिऱ्हाईक खूश," म्हणायचा. मी म्हटले, "आणि मशीन गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर?" "तिथे ऐकायला तुझे कान नसतात, दादा." त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. त्याचा ग्रीसचा डबा अजून फळीवर आहे, तो त्याला द्यावा. वरचा थर सुकला आहे, माझा रागही. दफनाला आला तर त्याला चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसवावे.

४. दुकान, जागा आणि हत्यारांसकट, मुलाला. इथे मला सविस्तर लिहिले पाहिजे.

आमच्या दुकानाची रीत आहे. दुरुस्त झालेली मशीन दोरा न ओवता रिकामी चालवायची आणि डोळे मिटून ऐकायची. खालचा दोरा वाहणारा आतला धोटा सुरात फिरू लागला की मला देवाने जवळ बसवून घेतल्यासारखे वाटे. खावे, प्यावे आणि आपल्या कष्टात सुख मानावे, ते देवाच्या हातचे दान आहे, असे पाळकसाहेब शास्त्रातून वाचत. मी कधी फार विचार केला नाही. पोट भरलेल्याला भुकेवरचे प्रवचन कशाला?

गेल्या महिन्यात मी आतल्या खोलीत पडलो होतो. पार्टिशनपलीकडे मुलगा सुनेला सांगत होता, "मला काहीच ऐकू येत नाही गं. बाबा डोळे मिटतात म्हणून मीही मिटतो. मग स्क्रू मोजूनमापून बसवतो."

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? त्यांनी फुटपाथवरून उभं केलंय हे."

"हळू बोल, ऐकतील."

"झोपलेत."

मी झोपलो नव्हतो. इतकी वर्षे तो माझा चेहरा उसना घेऊन बसला होता. काम चोख, तक्रार एक नाही. पण शेजाऱ्यांच्या खिडक्या रंगवताना तो शीळ घालतो. दुकानात ती मी कधीच ऐकली नाही. एवढे तिखट कान, आणि जे वाजत नव्हते ते ऐकू आले नाही.

शास्त्रातला शहाणा राजा कुढत असे, की माझे कष्ट मागे कोणाच्या हाती जातील, शहाण्याच्या की मूर्खाच्या? माझा मुलगा मूर्ख नाही. दुःखी आहे. घर, पैसा, हत्यारे लिहून देता येतात. कामातला आनंद माझ्या मालकीचा नव्हता, तो मी त्याच्या नावे कसा करू?

म्हणून दुकान विनाअट देतो. विकावे, भाड्याने द्यावे, कायमचे शटर ओढावे. बापाचे नाव बुडवले असे कोणी म्हणाल्यास त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. मला वाईट वाटणार नाही, असे लिहिणार नाही, वाटते आहेच. ते माझे मला पुरे.

हे तोंडावर सांगून पाहिले. "नाही बाबा, आवडतं मला," म्हणाला, आणि लगेच नट आवळायचे पाने पुसायला लागला. म्हणून कागदावर लिहिले. इथे त्याला माझे मन राखता येणार नाही.

अंमलबजावणी पाळकसाहेबांनी करावी. लिहिलेले वाचून पाहिले, बरोबर आहे.

स्थळ : दुकानामागची खोली
दिनांक : १९ नोव्हेंबर, बुधवार

(सही) कानवाले

आमच्यासमोर सही केली :
१. (सही) शेजारच्या शिंपीणबाई
२. (सही) औषधांचे दुकानदार