बारा इंची मफलर

४ फेब्रुवारी, सकाळी
ठरलं. गाडीच्या सायलेन्सरचा डबा, म्हणजे मफलर, बारा इंची. या विषयावर चर्चा बंद.

काल जेवताना मेव्हण्याने पुन्हा नाक खुपसलं. म्हणे, स्ट्रेट-थ्रू मफलरमध्ये धूर सरळ नळीतून निघून जातो, आवाज शोषायला नळीभोवतीचं भरणच काय ते असतं. डबा आखूड घेतलास तर भरण कमी पडेल आणि सगळा आवाज गाडीत येईल, म्हणून चोवीस इंची घे. हा माणूस दातांचा डॉक्टर आहे! मी कधी त्याला दाढ कशी उपटायची ते शिकवायला गेलोय? माझी परफॉर्मन्स गाडी आहे. तिला वजन चालत नाही. चोवीस इंची लोढणं अडकवायचं तर मग मागे सोफाही बांधतो.

बायकोने एकच विचारलं, सकाळी गाडीत बोलता येईल ना? आम्ही ऑफिसला एकत्र जातो. घरी दोघांनाही उसंत नसते, त्यामुळे आमचं जे काही बोलणं होतं ते गाडीतच. म्हटलं, येईल की, न यायला काय झालं!

७ फेब्रुवारी
बसवला!! चावी फिरवली आणि गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. वेल्डर दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होता. कौतुकाने.

८ फेब्रुवारी
हायवेला नेमक्या आमच्या नेहमीच्या वेगाला गाडी किंचित घुमते. किंचितच. आरशात मागचा ट्रक दोन-दोन दिसत होता, पण तो रस्त्याचा दोष. टॅक्स घेतात आणि रस्ते हे असे.

सिग्नलला थांबल्यावर बायको म्हणाली, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. डोकंच फिरलं. म्हटलं, मला तर सगळं ऐकू येतं, तू बोल बिनधास्त.

१२ फेब्रुवारी
आज ती हायवेवर बराच वेळ बोलली. माझी परीक्षा घेत होती, मला काय कळत नाही? मी पण पक्का. तिच्या चेहऱ्याकडे बघून जिथल्या तिथे मान डोलावली. दोनदा हो म्हटलं, एकदा वा, छान. शेवटी तिने विचारलं, नक्की? एवढं ओठांवरून कळलं. ठणकावून म्हटलं, नक्की! मग ती खिडकीबाहेर बघत बसली. जिरली.

१९ फेब्रुवारी
कानात सतत शिट्टी वाजते आहे. ऑफिसच्या एसीमुळे. मीटिंगमध्ये मी साहेबांवर ओरडलो असं सगळे म्हणतात. मी नेहमीच्या आवाजात बोलत होतो. साहेबच नाजूक, त्याला मी काय करू?

सकाळी गाडीत पुन्हा परीक्षा. पुन्हा पास. या वेळी मात्र तिने एकदम माझा गिअरवरचा हात धरला. डोळ्यांत पाणी होतं. धूर आत येतोय बहुतेक. वेल्डरने जोड नीट मारलेला नाही, उद्या त्याला झापतो.

२१ फेब्रुवारी
मेव्हणा गाडीतून एक चक्कर मारून आला. काही बोलला नाही. नुसता हसला! बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं (घेतलं नसतं). पण हसला! अंगाचा तिळपापड झाला.

लांब मफलर घ्यायचा निर्णय मी पूर्णपणे स्वतंत्रपणे घेतला आहे. तो म्हणतो चोवीस, म्हणून मी घेणार तीस.

२२ फेब्रुवारी
दुसऱ्यांवर विसंबून राहायची आपली सवय नाही. गाडी जॅकवर चढवली, स्वतः खाली झोपून टेपने जागा मोजली. बत्तीस इंच मोकळी! टेपचं दुसरं टोक वेल्डरने धरलं होतं. तोही म्हणाला, आरामात बसेल. शर्ट गेला.

२५ फेब्रुवारी
तीस इंची बसवला. गाडी जॅकवरून उतरवली आणि खालून ठण्ण! मोजताना मागची चाकं लोंबकळत होती, त्यामुळे ॲक्सल खाली होता. चाकं जमिनीला टेकली तसा तो वर आला आणि मफलरवर आदळला. आता प्रत्येक स्पीडब्रेकरला घण पडतात. वेल्डर म्हणतो, मोजलं तुम्ही. टेप कोणी धरला होता? जोरदार भांडण. दोघांचे आवाज बसले.

बायको हल्ली बसने जाते. म्हणाली, जरा कामं आवरायची आहेत, लवकर निघते. कसली कामं, विचारणार होतो. राहिलं.

१ मार्च
चोवीस इंची बसवला. कोणी विचारलं तर तेवीस सांगायचं.

हायवेला रेडिओवरच्या बातम्या ऐकू आल्या! उद्या बायकोला आग्रह करून नेतो.

२ मार्च, ऑफिसच्या पार्किंगमध्ये
सगळं ऐकू आलं.

तिने विचारलं, तिथे एक खोली पाहिली आहे, मला एकटीला पुरेल ना? म्हटलं, तिथे कुठे? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्टिअरिंगकडे बघत राहिलो. तिला प्रमोशन मिळालं आहे. दुसऱ्या शहरातल्या ब्रँचला, दोन वर्षं. म्हणाली, याच रस्त्यावर तुला सांगितलं, जाऊ का विचारलं, तू वा, छान म्हणालास. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, राहशील ना माझ्याशिवाय? तू लगेच हो म्हणालास. वाटलं होतं, एकदा तरी नको म्हणशील. मग मी होकार कळवून टाकला.

तेव्हाच सांगता आलं असतं. पण तिने पुढे विचारलं, तुला ऐकू येत होतं ना? आणि माझं टाळकं सटकलं. म्हटलं, म्हणजे काय! मी काय बहिरा आहे?

ती म्हणाली, नाही, सहज विचारलं.

१६ मार्च
तिला स्टेशनवर सोडून आलो. जाताना दोघं भरपूर बोललो. गॅसचा नंबर, दूधवाला, पाण्याची मोटर कधी लावायची. उतरताना म्हणाली, गाडी आता छान झाली.

येताना हायवेला नेहमीचा वेग धरला. गाडी जराही घुमली नाही. मी मोठ्याने म्हटलं, तुझा भाऊ बरोबर होता आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं गं, नको जाऊस.

बाजूची सीट रिकामी होती, म्हणून म्हणता आलं.