काचेच्या भांड्यातलं स्मशान

डब्लिन, ओहायो
६ ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप अक्काच्या सेवेशी,
श्रीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

खट्... खट्... खट्. आठवतंय का गं? दापोलीला माडीवरच्या फळ्यांवर बाबांच्या खडावा वाजायच्या आणि खाली आपण दोघं एका गोधडीत जागे असूनही डोळे मिटून पडायचो. तो आवाज जिन्याशी आला, की उठून कविता म्हणायची वेळ झाली! काल सकाळी तोच आवाज इथल्या स्वयंपाकघरात आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मीच काढत होतो तो. लाटण्याने बिस्किटं कुटत होतो.

आता बिस्किटं का कुटत होतो, ते सांगतो. या महिन्याच्या एकतीस तारखेला इथे भुतांचा सण असतो. मुलं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरतात. माझ्या नातीने, दीपाने, यंदा त्या रात्री वर्गातल्या सहा मैत्रिणींना घरी बोलावलंय. नऊ वर्षांची झाली, पण या मुली घरी यायची ही पहिलीच वेळ. उत्तराला तिच्या बँकेतून उसंत नाही आणि नरेंद्र सारखा दौऱ्यावर. तेव्हा सूनबाईंना मी ऐटीत सांगून टाकलं की गोड पदार्थ माझ्याकडे लागला.

पदार्थ मोठा काव्यमय आहे. चूल पेटवायचीच नाही! काचेच्या खोल भांड्यात तळाला काळ्या बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून दाबायचा. त्यावर साखर घातलेलं क्रीम चीज, म्हणजे आपला चक्काच म्हण. त्यावर चॉकलेटचं पुडिंग. त्याची पूड मिळते, दुधात फेटली की आपोआप घट्ट होते. त्यावर फेटलेली साय आणि सगळ्यात वर पुन्हा काळा चुरा, म्हणजे माती. मातीत उभी बिस्किटं खोचली की त्या समाध्या. थरावर थर, जशा मनात आठवणी!

पहिला प्रयत्न मात्र फसला. दूध मी रीतसर तीन उकळ्या काढून, कोमट करून घेतलं होतं, तरी पुडिंगची आमटी झाली. पूडच जुनी असणार. दीपाने एक चमचा खाऊन, शाळेला उशीर होतोय असं सांगितलं. रविवार होता.

माझ्यावरची माया आटवू नये, ही प्रार्थना.

तुझा,
श्रीराम


शुगर लँड, टेक्सस
११ ऑक्टोबर १९८६

चिरंजीव श्रीराम यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून डोकं दुखलं. काचेच्या भांड्यात स्मशान? तेही ऐन दिवाळीत? दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर लक्ष्मीपूजनाच्या करंज्या ठेवणार का? बाबा असते तर तुला त्या खडावांनीच बडवलं असतं.

त्या खडावा इथे माझ्या देवघरात आहेत, हे तुला ठाऊक आहेच. येताना मी साड्या कमी आणल्या, पण त्या आणल्या. तू त्यांच्या आवाजावर पान खर्ची घालतोस, पण वाटणीच्या वेळी मागितल्या होत्यास त्या बाबांच्या कवितांच्या वह्या! त्या कसरीने खाल्ल्या. लाकूड टिकलं.

माझ्या रवीला तुझं पत्र वाचून दाखवलं तर तो हसत सुटला. त्याच्या ऑफिसातही या सणाला हाच पदार्थ होतो म्हणे, आणि वर जेलीच्या अळ्या सोडतात. अळ्या! इथे ऑक्टोबर उजाडला तरी घामाच्या धारा आहेत, आणि वरून हे ऐकायचं.

फोन करू नकोस. या कानांना फोनवर नुसता समुद्र ऐकू येतो. तू मात्र बोलत राहशील आणि नरेंद्रचं बिल वाढेल. पत्रच लिही. त्यात कविता एक ओळ, मजकूर दहा ओळी, असं प्रमाण ठेव. पदार्थ जमला की नाही एवढं एका वाक्यात कळव.

आशीर्वाद आहेतच. ते काही पूड नव्हेत जुने व्हायला.

अक्का


डब्लिन, ओहायो
१६ ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप अक्काच्या सेवेशी,
श्रीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

एका वाक्यात : पदार्थ जमला नाही.

नवी पूड आणली, दूध चार उकळ्या काढून घेतलं, तरी तेच. वर खोचलेली समाधी हळूहळू कलली आणि बुडाली. ते दृश्य इतकं करुण होतं की मला पाठ्यपुस्तकातली बुडत्या नावेची कविता आठवली. पण तू प्रमाण ठरवून दिलं आहेस, म्हणून लिहीत नाही.

अक्का, आता जे लिहितो आहे ते गमतीचं नाही. परवा मी दुधाशी उभा असताना दीपा आली. तिचं मराठी घाईत पळून जातं आणि इंग्रजी माझ्या कानांना पुरून उरतं. तरी एवढं स्पष्ट कळलं की पार्टीच्या वेळी आजोबांनी वर थांबायचं, खाली यायचं नाही. ती पुढेही काही बोलत होती, पण तेवढ्यात दूध उतू गेलं आणि मी शेगडीकडे धावलो. ओटा पुसून वळतो तर ती शाळेच्या बसमध्ये बसून गेलेली.

पुढचं ऐकण्यासारखं काय होतं म्हणा! धोतर नेसणारा, दारात कविता म्हणणारा म्हातारा त्या मुलींना दाखवण्याजोगा थोडाच आहे? बत्तीस वर्षं मी वर्गात असा उभा राहिलो की शेवटच्या बाकावरची मुलंही गप्प बसायची. आणि आता स्वतःच्या नातीने मला माडीवर बसवावं! त्यानंतर दोनदा ती खोलीशी आली. मी पुस्तक तोंडापुढे धरून राहिलो. ती पाय आपटत गेली. हट्ट कुणाकडून उचलला आहे, कुणास ठाऊक.

पदार्थ मी करणारच. शब्द दिला आहे. समाध्यांवर मुलींची नावं लिहा, असं दीपाचं म्हणणं होतं. त्याला मी साफ नकार दिला. जित्या लेकरांची नावं थडग्यावर? माझ्या हातून होणार नाही. साखरेच्या नळीने मी जे खरोखर गेलं आहे त्याचीच नावं घालणार : पावकी, निमकी, दिडकी, बोरू, दौत, धूळपाटी. कुणाला कळणार नाहीत. न कळोत.

एकतीस तारखेला भांडं खाली ठेवीन आणि वर जाऊन दार लावीन. मार्चचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं करता येईल का, हे नरेंद्रला विचारायचं मनात आहे.

तू तरी दूर लोटू नकोस.

श्रीराम


डब्लिन, ओहायो
१९ ऑक्टोबर १९८६

ती. अक्काआत्यांना उत्तराचा नमस्कार.

दीपाला तुम्हाला पत्र लिहायचंय. अक्षरं येत नाहीत, म्हणून ती बोलतेय आणि मी लिहितेय. तिने मला शपथ घातली आहे, त्यामुळे यातलं तिच्या आजोबांना काही सांगता येत नाही. तुम्हीही सांगू नका. इथून पुढे दीपा.

हाय अक्काआजी. आजोबा माझ्यावर मॅड आहेत. मी काहीच केलं नाही. आजोबांनी मला त्या लाकडी चपलांची स्टोरी सांगितली, तुमच्या डॅडींच्या. वर खट् खट् व्हायचं आणि तुम्ही खाली घाबरायचात. ती बेस्ट आहे. माझ्या फ्रेंड्सच्या घरी सगळ्यांकडे प्लास्टिकचे सांगाडे असतात, आमच्याकडे रिअल आवाज असणार! आम्ही खाली डेझर्ट खाणार, लाइट ऑफ, आणि आजोबा वरून चालणार. मग ते जिन्यावरून खाली येणार आणि आम्ही किंचाळणार. मग लाइट ऑन, आणि ते सगळ्यांना स्टोरी सांगणार. मी हे त्यांना सांगत होते, पण ते दुधाकडे पळाले. ते नेहमी दुधाकडे पळतात. नंतर दोनदा गेले तर पुस्तकाच्या मागे लपले. मग मी पण सांगणार नाही. आधी त्यांनी सॉरी म्हणायला पाहिजे.

आजी, त्या चपला तुमच्याकडे आहेत ना? प्लीज पाठवा. आजोबांच्या स्नीकर्सचा आवाज येत नाही. आणि ते दिवसभर सॉक्स घालतात, तर सॉक्सवर त्या चपला चालतात का?

आणि पुडिंगच्या बॉक्सवर थंड दूध लिहिलंय. मी दाखवलं. ते म्हणाले की बॉक्स लिहिणाऱ्याला आई नव्हती का, कच्चं दूध कोण पितं.

आत्या, पुन्हा मी. दोघांच्या मध्ये माझं सँडविच झालंय. आजोबा तिकिटाची भाषा बोलताहेत, ती दार आपटतेय, आणि माझ्या फ्रिजमध्ये पातळ चॉकलेटची तीन पातेली आहेत. काहीतरी करा.

तुमची,
उत्तरा


शुगर लँड, टेक्सस
२४ ऑक्टोबर १९८६

चि. दीपा हिला अक्काआजीचे आशीर्वाद. आईकडून वाचून घे.

नाही. त्या चपला नव्हेत, खडावा आहेत आणि माझ्या देवघरात आहेत. रोज त्यांना फूल वाहते. भुताच्या खेळाला त्या मिळणार नाहीत. पोस्टाने तर मुळीच नाही. पोस्टाने पाठवलेले डिंकाचे लाडू तुझ्या घरी कसे पोचले ते आईला विचार. रवीकाका पुढच्या आठवड्यात कामासाठी तुमच्या शेजारच्या कोलंबसला येतोय, पण त्याच्या हातीही नाही. तो मागे स्वतःची बॅग विमानात विसरला होता.

सॉक्सवर खडावा चालत नाहीत. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात खुंटी धरावी लागते. पाय उघडे हवेत. पण तो प्रश्नच नाही, कारण त्या मी देणार नाही.

तुझे आजोबा सहा वर्षांचे असताना खडावा वाजल्या की माझा हात इतका घट्ट धरायचे की वळ उठायचे. हे त्यांनी स्टोरीत सांगितलं नसेल. ते असेच आहेत. अर्धं ऐकतात आणि उरलेलं मनाने रचतात.

सोबतची चिठ्ठी आजोबांना दे. शहाणी आहेस. दार आपटू नकोस.

अक्काआजी

(चिठ्ठी)

श्रीराम, दूध थंड घ्यायचं असतं. रवीने सांगितलं, त्याच्या ऑफिसातल्या बाईने सांगितलं, आणि बॉक्सवरही लिहिलं आहे. गरम दुधात ती पूड या जन्मी धरणार नाही. तापवल्याशिवाय तुझ्या हाताला चैन पडत नसेल तर तापव, पण मग रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. बत्तीस वर्षं मुलांना पुस्तक नीट वाचा म्हणून छडी दाखवलीस आणि तुला एक खोका वाचता येऊ नये?

आणि तिकिटाचं नाव काढू नकोस. मी त्या विमानात पुन्हा पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेतली आहे, म्हणून वाचलास. नाहीतर तिथे येऊन कान धरला असता.

अक्का


डब्लिन, ओहायो
३१ ऑक्टोबर १९८६, संध्याकाळ

तीर्थस्वरूप अक्काच्या सेवेशी,
श्रीरामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

एका वाक्यात : धरलं!

दूध काल तापवलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं आणि आज पूड घालून फेटलं, तर पाच मिनिटांत चमचा उभा राहिला. बॉक्स लिहिणाऱ्याला आई असावी असं आता वाटतं. पाचही थर काचेतून स्वच्छ दिसतात. पावकी, निमकी, दिडकी ताठ उभ्या आहेत. बोरूवर दीपाने आणलेली जेलीची एक अळी चढवली. मला शिसारी आली, पण शोभते खरी.

मुली आल्या. वरून खिडकीतून पाहिल्या. दोन चेटकिणी, एक भोपळा, एक डॉक्टरीण, बाकीच्या कळल्या नाहीत. भांडं टेबलावर ठेवून मी सांगितल्याप्रमाणे वर आलो. जाताना दीपाकडे पाहिलं. तिला काहीतरी बोलायचं असावं. पण ती सारखी बाहेरच्या दाराकडे बघत होती. खाली हसण्याचा धबधबा चालू आहे. पदार्थ वाढला की नाही, कुणाला आवडला की नाही, काही कळायला मार्ग नाही. एवढी खटपट केली, तर कुणी वाटीभर वर आणून देईल असं वाटलं होतं. वाट पाहणं हे कवितेत बरं दिसतं, अक्का. खुर्चीत बसून पाहिली की पाठ दुखते.

उद्या नरेंद्र दौऱ्यावरून येईल. त्याच्याशी तिकिटाचं

अक्का, थांब. खाली दिवे गेले की काय? सगळ्या एकदम गप्प झाल्या.

खट्. खट्. खट्.

ऐकलंस? नाही, तू कशी ऐकशील. मला वाटलं माझ्याच डोक्यात वाजतंय. पण नाही. बाहेरच्या दारावर वाजतंय. बेल असताना कुणीतरी लाकडाने दार ठोकतंय. मुली किंचाळल्या.

आत्ताच खिडकीतून पाहून आलो. रस्त्याच्या कडेला भाड्याची मोटार आहे, तिच्यापाशी आपला रवी पोट धरून हसतोय. आणि दारात, नऊवारीवर रवीचा कोट घालून, पायांत कापडी बूट, दोन्ही हातांत बाबांच्या खडावा घेऊन तू उभी आहेस! हे पत्र मी तुलाच लिहितोय आणि तू खाली माझं दार फोडते आहेस. मान वर करून तू मला पाहिलंस आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलीस, की गाढवा, तिथेच वर थांब, खाली येऊ नकोस.

म्हणजे तूसुद्धा! विमानाची शपथ मोडून, देवघर उघडं टाकून तू मला वरच थांबवायला आलीस? त्या कान धरण्याच्या गोष्टी काय झाल्या?

पण खाली दार उघडलं आहे. उत्तरा हसतेय. दीपा तुझ्या गळ्यात पडली असावी, कारण तुझं डोळे पुसतानाचं ते नाक ओढणं मला इथवर ऐकू आलं. आता जिन्यावर धावत येणारी पावलं तिचीच. ती येता येता ओरडतेय. मराठीत, अक्का, मराठीत! आजोबा, पायमोजे काढा, म्हणतेय.

पायमोजे कशाला काढायचे, मला काही कळत नाही. पण काढतोय.