मागच्या चाकाचे दोन क्लिक

मंगळवार, ४ मार्च

ताई आज सात वेळा ट्रॅक सोडून आत आली. सात! दर वेळी एकच टुमणं — "मागून गाडी नाचतेय गं, बघ ना जरा." की मी मागच्या चाकाशी उकिडवी, शॉक ॲब्सॉर्बरचा नॉब दोन क्लिक इकडे नाहीतर तिकडे, की बाईसाहेब परत बाहेर. आणि चौथ्या वळणावर पुन्हा गोगलगाय. गेल्या वर्षी तिथेच उलटली होती, पण त्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

गाडीच्या मालकांनी आज स्पष्टच सांगितलं. रविवारच्या शर्यतीत ताई पहिल्या पाचात आली नाही तर गाडी दुसऱ्याच्या हातात. ताईशिवाय ती गाडी? मी पाना टाकून घरी बसेन!

बुधवार, ५ मार्च

बाबांनी माझी बिनपाण्याने केली. त्यांनी नॉब तपासले — डावा सहावर, उजवा नऊवर! सात वेळा इकडेतिकडे करताना मोजणीच हरवली होती मी. गाडी नाचणारच.

मग जुना शॉक उघडून पुढ्यात ठेवला. "स्प्रिंगला काय, उड्या मारायलाच आवडतं. तिला आवरतं ते तेल." आत दट्ट्या असतो, तो तेलातून सरकतो, आणि तेलाला जायला बारीकशी भोकं. नॉब आवळला की वाट अरुंद, शॉक कडक. सैल केला की मऊ. दर शॉकला असे दोन नॉब: एक चाक दबतानाचा, दुसरा ते परत उसळतानाचा, मी फिरवते तो. "आधी पूर्ण बंद कर, मग उलट मोजत ये. मधूनच मोजशील तर गेलीस बाराच्या भावात." तीस वर्षं गाड्यांखाली काढलेला माणूस, ऐकून घेतलं.

गुरुवार, ६ मार्च

डावा आठ, उजवा आठ. तीनदा मोजलं. ताई — "अजून नाचतेय!" कप्पाळ माझं!

शुक्रवार, ७ मार्च

आज लबाडी केली. ताई आत आली, मी चाकाशी बसले, नॉबला बोटही लावलं नाही. जिभेने नुसतं 'टक्-टक्' केलं. "झालं, दोन क्लिक मऊ!" ताई गेली आणि फेरी एका सेकंदाने कमी वेळात मारून आली! चौथ्या वळणावरसुद्धा! "आता कशी लोण्यासारखी चालतेय बघ," म्हणाली. मी पुसायच्या फडक्यात तोंड खुपसून हसले.

शनिवार, ८ मार्च

दिवसभर टक्-टक्. आता हसू येत नाही. लाज वाटते. ताईशी आजवर खोटं बोलले नाही — तिचं अत्तर सांडलं ते सोडून. सांगावं? पण उद्या शर्यत आहे, आणि तिला गाडीवर भरवसा बसलाय. गप्पच बसते.

रविवार, ९ मार्च

चौथी! चौथी!! सुटायच्या आधी मला हाक मारलीन, बसले, टक्-टक् केलं, आणि बया सुटली ती सुटलीच. मालकांनी हात मिळवला. बाबा डोळ्यांत धूळ गेली म्हणाले.

सोमवार, १० मार्च

ताईला सगळं सांगून टाकलं. हसली. "ठाऊक होतं. नॉबचा आवाज असा ओला नसतो, शहाणे." मग माझ्या हातातलं फडकं घेऊन त्याची घडी घालत म्हणाली, "तू गुरुवारी मोजून दिलंस, तेव्हापासून गाडी ठीकच होती गं. चौथं वळण आठवलं की माझे हात थरथरतात. तू चाकाशी येऊन बसलीस की थांबतात."