मागाची खोली

बेळगाव, ९ जून २०२४

ती. सौ. आक्का हिस मंथनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर हे रक्षासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. तिला सातवा लागलाय आणि घरमालकानं खोल्या रिकाम्या करायला सांगितल्यात. कॉलेजची पोरं ठेवणार म्हणे, खाटेमागं भाडं मिळतं. चार वर्षांतलं हे आमचं तिसरं घर. लग्नातलं कपाट मी पुठ्ठ्यातनं सोडतच नाही, परत बांधावं लागतं.

विकत घ्यावं म्हणून बँकेत गेलतो. साहेबांनी पगाराची पावती बघितली आणि गावाबाहेरच काहीतरी बघा म्हणाले. कडोलीच्या बाजूला एक प्लॉट जमण्यासारखा होता, पण त्याची कागदपत्रं धड नाहीत. वडगावला आपल्या घरी जावं, तर पुढच्या खोलीत आप्पांचे दोन माग आणि मागच्या खोलीत आई-आप्पा. आम्ही निजायचं कुठं?

आप्पांना यातलं काही कळवू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मंथन

निपाणी, १४ जून

चि. मंथन यास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. कपाटाची एवढी काळजी करतोस, रक्षाला काय वाटतं ते तरी विचारलंस का रं?

त्या प्लॉटच्या भानगडीत पडू नकोस. आम्ही बारा वर्षं भाड्यानंच राहतोय, काही बिघडलं नाही, असं लिहिणार होते. पण आमच्या मालकीण रुक्माबाई भाडं वाढवत नाहीत म्हणून हे बोलणं. त्यांची मुलं घर विकायला निघाली, तर आम्हीही रस्त्यावरच.

रागावू नकोस, आप्पांना मी सांगितलं. त्यांनी फोनवर तुझी चौकशी केली, मला लपवता आलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि बघू म्हणाले, एवढंच. रक्षाला आई नाही, तेव्हा बाळंतपणाला तिला खुशाल इकडं पाठव.

तुझी,
आक्का

वडगाव, २ जुलै

चि. सौ. मंजुश्रीस आप्पांचे आशीर्वाद.

तुझ्या भावाला अजून पत्ता लागू दिला न्हाय. दोन्ही माग मष्णूला देऊन टाकले. आपल्याकडंच काम शिकला, आता त्याचा मोठा कारखाना हाय. परवा टेम्पो आला आणि दुपारपर्यंत खोली मोकळी झाली. चुना मारून घेतलाय. फरशीवरचे तेलाचे डाग जाईनात, तुझी आई सोड्यानं घासतीया.

ती लई रडली. मी म्हणालो, अगं, बाळ यायचंय, त्या खडखडाटात त्याला झोप कशी लागंल. आता दुपारी आडवा होतो, तर मलाच झोप येत न्हाय.

भाड्याचं पुरे झालं म्हणून मंथनला तू लिही. तुझं ऐकंल.

आप्पा

वडगाव, २४ ऑगस्ट

ती. सौ. आक्का हिस सा. नमस्कार.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पुढच्या खोलीत राहतोय. आता आम्हाला कुणी उठवणार नाही. सगळे म्हणतात, घर झालं. खरं सांगतो, मला या खोलीत पाय पसरवत नाहीत.

आप्पा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे. विचारलं तर म्हणायचे, देवळात बसतो, जुनी माणसं भेटतात. देवळात बसायला डबा कशाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काल पेढे द्यायला मष्णूच्या कारखान्यात गेलतो. माणसं ओळीनं मागावर उभी होती. तिसऱ्या मागावर आप्पा. मागाला मीच दिलेला हिरवा रंग, आपलाच माग. हाका मारल्या, आवाजात त्यांना ऐकू जाईना. जवळ जाऊन खांद्याला हात लावला आणि म्हणालो, आप्पा, घरी चला. त्यांनी तुटलेला धागा जोडला. माझ्याकडं न बघताच म्हणाले, तू जा रं, पोरीचं बघ, मालक बघायलेत.

मालक म्हणजे मष्णू. ज्याला ते जन्मभर मष्ण्या म्हणत आले.

पेढ्यांचा पुडा तिथंच खिडकीत ठेवून आलो. आईला काही सांगितलं नाही. तिला ठाऊकच असणार, डबा तीच भरते.

बारशाला येशील तेव्हा आप्पांना काही विचारू नकोस. आम्हा सगळ्यांवर माया राहू दे.

तुझा,
मंथन